बिनगिअरच्या गाडीचं गिअर ऑइल

धारवाडच्या सप्तापुरातल्या गॅरेजवाल्या इराप्पाअण्णांचं आणि त्यांच्या घरच्या गंगाक्कांचं नाव आधी लिहितो, मग बाकीचं. हे दोघं भेटले नसते तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

आमच्या बीडकडच्या माणसाला धारवाड म्हटलं की पेढा आठवतो, त्यापुढे काही नाही. मी तिकडे साडेतीन महिने राहून आलो म्हणून वाचनालयातले सर म्हणाले, लिही. मी सातवीतून शाळा सोडलेला. त्यामुळे गिरणीत दळण चालू असताना पोत्यावर वही ठेवून जमेल तसं लिहिलं आहे.

फिरायला गेलो नव्हतो. माझी थोरली बहीण सुमनताई अळणावरजवळच्या एका खेड्यात दिलेली. आई-वडील ऊसतोडीला त्या भागात जायचे, तिथंच तिचं जमलं. दाजी लाकडाच्या वखारीत कामाला. संक्रांत झाली आणि दाजींचा फोन आला, ताईच्या दोन्ही किडन्या गेल्या, सोमवारी आणि गुरुवारी तिला धारवाडला मशीनवर घ्यावं लागतंय, आणि वखारीतून इतक्या सुट्या मिळत नाहीत. मी गिरणी चुलतभावाच्या ताब्यात दिली आणि निघालो.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन समजावलं. दर वेळी पुरे चार तास. नंबर सकाळी साडेसातचा. उशिरा आलात तर पुढचे लोक थांबलेले असतात, मग चाराचे तीन होतात. तेवढं पाणी अंगात राहतं, छातीत चढतं, हृदय थकतं. मी ते पाढ्यासारखं पाठ केलं. रात्री झोपताना म्हणायचो, सकाळी उठल्यावर म्हणायचो. साडेसात, चार तास.

अळणावर

गाव रेल्वेच्या फाट्यावरचं. स्टेशनाबाहेर पडलं की लाकडाचा वास येतो, ओल्या भुशाचा. सागाचे ओंडके रचून ठेवलेले, त्यांवर पांढऱ्या रंगात आकडे. जंगल जवळ आहे असं ऐकलं होतं म्हणून मला वाटलं, हिरवंगार असेल. पण उन्हाळा लागत आलेला. सागानं पानं टाकलेली. मैलच्या मैल नुसती उभी लाकडं, खाली तळव्याएवढी वाळकी पानं, वारा आला की त्यांचा खरखर आवाज. आमच्याकडं माळ असतो तो उघडाच असतो, त्याचं काही वाटत नाही. झाडं असून सावली नाही, हे बघून जीव घाबरा व्हायचा.

ताई वीस वर्षांत तिथलीच झाली होती. 'काय करतोस' म्हणायच्या जागी 'काय करालास' म्हणायची. शेजारणीशी कानडी, माझ्याशी मराठी, आणि एका वाक्यात दोन्ही. मला कानडी येत नव्हतं. बसचा कंडक्टर 'हिंद होग्री' ओरडायचा तेव्हा मागं सरकायचं असतं, एवढं कळलं होतं. 'एण्णी' म्हणजे तेल, 'नोडु' म्हणजे बघ. असे वीसेक शब्द घेऊन मी फिरत होतो. त्या बोलण्यात मराठीसारखा शब्द आला की मला गावचा माणूस भेटल्यासारखं व्हायचं. त्याच आनंदानं घात केला.

ताईच्या डाव्या हातात मशीनसाठी नस जोडलेली होती. तिथं बोटं ठेवली की आत थरथर लागायची, गिरणी चालू असताना भिंतीला हात लावावा तशी. ती थरथर चालू आहे ना, हे बघायला मी दिवसातून चारदा तिचा हात धरायचो. ती म्हणायची, "चालू आहे रे. वीज गेली नाही अजून."

पाणी तिला दिवसाला मोजून. उन्हात बाहेर पडायच्या आधी ती एक घोट तोंडात धरायची, गिळायची नाही, बराच वेळ धरून मग हळूच खाली सोडायची. ते बघवायचं नाही, म्हणून मीही तिच्यासमोर पाणी पीत नसे. तिला ते कळलं तेव्हा रागावली.

धारवाडला रेल्वे जाते, पण तिची वेळ आमच्या नंबराशी जुळत नव्हती. सकाळच्या बसला गर्दी, तिला उभं राहवत नसे. म्हणून दाजींची स्कूटर. पस्तीसेक किलोमीटर. ती मागे बसायची, उजव्या हातानं मला धरून. मी चाळीसच्या वर कधी नेली नाही.

गाडी जुनी झाली होती. वाटेत बंद पडेल ही धास्ती मला रोजची. म्हणून एका शनिवारी ठरवलं, ऑइल बदलून टाकू. गिरणीचं इंजिन मी स्वतः बघतो, मला वाटलं यात काय. नव्या ऑइलची बाटली आणली. गाडीखाली वाकून पाहिलं, मागच्या बाजूला एक नट दिसला. पाना लावून काढला. काळं ऑइल आलं, पण थोडंच, चहाच्या कपाएवढं. म्हटलं बाकीचं जळलं असेल. बरं झालं, वेळेत बघितलं. नट बसवला, वरच्या तोंडातून सगळी बाटली आत ओतली. हात धुतले. ताईला सांगितलं, आता काळजी नाही.

रविवारी पेट्रोल भरायला गेलो तेव्हा मागच्या चाकापाशी घूं असा बारीक आवाज यायला लागला होता. पंपावर हवा भरणारा माणूस कान देऊन ऐकत राहिला. मग बोटानं मागचं चाक दाखवून म्हणाला, "हिंदिन एण्णी खाली ऐती नोडु."

मला सगळे शब्द कळले, याचा आनंदच झाला. मागचं, तेल, खाली, आहे, बघ. मी म्हणालो, "हौदु, खालीच. खालूनच काढलं मी काल."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मान हलवली आणि पुढच्या गाडीकडं वळला.

रस्त्यात, सोमवारी

सहाच्या आत निघालो. आवाज वाढला होता. जात्यात खडा आल्यावर जसा आवाज येतो तसा. माझ्या गिरणीत असा आवाज आला असता तर मी तिथल्या तिथं पट्टा उतरवला असता. पण साडेसात, चार तास. मी थांबलो नाही. ताईनं मागून एकदा विचारलं, "हे काय ओरडालंय?" मी म्हटलं, नवं ऑइल आहे, बसायला वेळ लागतो.

धारवाड दहा-बारा किलोमीटर राहिलं असेल. जंगल संपून लाल माती लागली होती. मागचं चाक एकदम अडकलं. गाडी घासत गेली, आडवी झाली नाही हे नशीब. ताईचा हात माझ्या खांद्यात रुतला. उतरून चाक फिरवून बघितलं, जागचं हलेना. गाडी ढकलताही येईना. पावणेसात झाले होते.

अर्धा तास गेला, हात केलेली एकही गाडी थांबली नाही. मग उलट्या बाजूच्या शेतवाटेनं एक जुनी मोटारसायकल रस्त्यावर आली. पन्नाशीपुढचा माणूस, डोक्याला टॉवेल, हँडलला मेथीच्या जुड्यांचं गाठोडं. थांबून काय झालं म्हणून विचारलं, "एन आतु?" मी हातवारे करायला लागलो तर म्हणाला, "मराठी बोल की."

मी सांगू लागलो ते गाडीचं. त्याचं लक्ष ताईच्या हातावरच्या पट्टीकडं होतं. त्यानं तिला विचारलं, "डायलिसिस? किती वाजता?"

"साडेसात."

त्यानं गाठोडं सोडलं आणि माझ्या हातात दिलं. "ही मेथी सांभाळ तम्मा. तंगीला मी सोडतो."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, तंगी म्हणजे धाकटी बहीण. मला तेव्हा ते ठाऊक नव्हतं. आमच्याकडं तंगी म्हणजे चणचण. मला वाटलं हा काहीतरी अडचणीचं बोलतोय. मी ताईकडं बघितलं. अनोळखी माणूस, नाव नाही, गाव नाही. ती कधीच त्याच्या मागे बसायला निघाली होती.

"मी जाते," ती म्हणाली. "तू गाडीपाशी थांब. आणि असं तोंड करू नको, लोकांना वाटेल मी मेले."

ते गेले. गाडी वळणाआड दिसेनाशी झाल्यावर माझ्या लक्षात आलं की फोन आमच्या दोघांत एकच, आणि तो माझ्या खिशात.

पुढचे दोन तास मी मेथी मांडीवर घेऊन मैलाच्या दगडावर बसलो. उन्हानं ती कोमेजायला लागली तशी मी ती स्कूटरच्या सावलीत सरकवत राहिलो. मनात नाही नाही ते आलं. हा माणूस कोण, तिला कुठं नेलं, पोचले का, पोचले तर किती वाजता. चाराचे तीन झाले असतील, अडीच झाले असतील. मी ऑइल बदललं नसतं तर. आवाज आला तेव्हा थांबून बसची वाट बघितली असती तर. बहीण परक्याच्या हवाली करून मी भाजी राखत होतो.

सव्वानवाला तो परत आला. मागच्या सीटवर हत्याराची पेटी. म्हणाला, "मशीन लागलं. आमची गंगा बसलीय तिच्यापाशी. बाईमाणसाला बाई बरी."

किती वाजता लागलं, हे विचारायचं होतं. मी मेथी त्याच्या हातात दिली.

तेव्हा त्यानं नाव सांगितलं, इराप्पा. सप्तापुरात कॉलेजांच्या बाजूला गॅरेज. सकाळी शेतावर जाऊन भाजी घेऊन येतो, मग दुकान उघडतो. मग गाडीपाशी उकिडवा बसला. मी काढला होता तोच नट त्यानं काढला. खाली काहीच पडलं नाही. बोट आत घालून बाहेर काढलं तर त्यावर चकचकीत राखाडी चिखल. लोखंडाचा कीस.

"खाली ऐती," तो स्वतःशीच म्हणाला.

मी म्हटलं, "खालीच असतं ना ते अण्णा? मी शनिवारी तिथूनच काढलं. पंपावरचा पण तेच म्हणाला, खाली आहे."

त्यानं मान वर केली. "पंपावर काय म्हणाला? परत सांग."

मी सांगितलं, शब्दाला शब्द.

"आणि तू काय म्हणालास?"

"म्हटलं, हो, खालीच."

इराप्पाअण्णा हसले. टॉवेलनं डोळे पुसले. मग माझा चेहरा बघून त्यांचं हसणं थांबलं. "तम्मा, कानडीत खाली म्हणजे रिकामं. हिंदीत पण तेच की. तो सांगालाय, डबा रिकामा आहे. तू त्याला म्हणतोस, हो, रिकामाच, मीच रिकामा केला. मग तो बिचारा काय बोलणार?"

हिंदीतलं खाली मला माहीत होतं. पण तो माणूस कानडी बोलत होता, आणि त्या बोलण्यात ओळखीचा शब्द आला की मी तो आपल्या मराठीतलाच धरत होतो.

मग त्यांनी मला माझं काम समजावलं. मी काढलं ते इंजिनचं ऑइल नव्हतंच. मी म्हणालो, ही बिनगिअरची गाडी, हिला गिअर ऑइल कशाला? ते म्हणाले, हातानं बदलायचा गिअर नाही एवढंच. चाकाच्या अलीकडं दात्यांची दोन-तीन चाकं आहेत, इंजिनचा वेग कमी करून ती मागचं चाक फिरवतात. त्यांचा डबा वेगळा, त्यांचं तेल वेगळं, कपभर. तो कपभर मी सांडला होता आणि इंजिनात जुन्यावर नवं ओतलं होतं. इंजिनात दुप्पट, मागं काहीच नाही. दाते कोरडे घासले, तापले, आणि बेअरिंग फुटून अडकलं.

मागचं चाक सोडवायला त्यांना तासभर लागला. मग गाडीला दोर बांधून सप्तापुरापर्यंत ओढत आणली. मी हँडल धरून बसलो होतो.

दुपारी गंगाक्का ताईला रिक्षानं घरी घेऊन आल्या. ताईचा चेहरा नेहमीसारखा पांढरा. मी विचारलं, झालं? ती म्हणाली, "झालं बाबा," आणि आडवी झाली. झालं म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. तीन, अडीच असं काही तिच्या तोंडून ऐकायचं माझ्यात बळ नव्हतं.

गुरुवारी पुन्हा नंबर. गाडीचं काम दोन दिवसांचं. गंगाक्कांनी विचारलंच नाही, आतल्या खोलीत आमची अंथरुणं घातली.

हुबळी, मंगळवारी

दोन गिअर, बेअरिंगं, ऑइल सील आणि कागदी पॅकिंग आणायला अण्णांनी मला हुबळीला धाडलं. चिठ्ठी कानडीत लिहून दिली. ऑइलचं मात्र तोंडी सांगितलं, दहा-तीस नंबरचं, दुसरं घेऊ नको.

धारवाड चढ-उताराचं, झाडांचं, संथ गाव. वीस किलोमीटरवर हुबळी म्हणजे नुसती घाई. लोक म्हणताना जोडनाव म्हणतात, पण मला तरी दोन वेगळ्या स्वभावाच्या जावा वाटल्या. चिठ्ठीवरचं सामान एका दुकानात मिळालं. तिथं ऑइल नव्हतं. पुढच्या चौकात एका पानवाल्याला मी माझ्या कानडीत विचारलं, एण्णी बेकु, म्हणजे तेल पाहिजे, एण्णी कुठं? त्यानं घड्याळ बघितलं, मला वरून खाली बघितलं आणि म्हणाला, "आत्ता? दुकान दहाला उघडतंय." आणि हात केला तो दारूच्या दुकानाकडं. तिथं दारूलाही एण्णी म्हणतात. मी गाडीची, गाडीची असं म्हणत काढता पाय घेतला.

पुढं बरंच हिंडल्यावर लॅमिंग्टन रोडला ऑइलचं दुकान सापडलं. तिथं उभा राहिलो आणि भ्यालो. समोर दहा-तीस होतं, आणि शेजारी नव्वद नंबरचं, मधासारखं जाड. मला वाटलं, पातळ तेल परत सांडेल, निसटेल. जाड असेल ते दात्यांना धरून राहील. ताई मागे बसणार आहे. मी नव्वदचं घेतलं. अण्णांनी बजावलं होतं तरी घेतलं.

शाळांची मधली सुट्टी झाली होती. सगळा रस्ता गणवेशांनी भरलेला. एका गाडीवर गिरमिट खाल्लं. चुरमुऱ्यांना चिंच-कांद्याचं कालवण चोळून देतात, वर शेव, सोबत मिरची भजी. आपल्याकडच्या भेळीपेक्षा ओलं आणि झणझणीत. पहिला घास चांगला लागला. मग वाटलं, ताईला यातलं काहीच चालत नाही, मीठ नाही, चिंच नाही. उरलेलं कागदात गुंडाळलं आणि बसमध्ये विसरलो.

सप्तापूर, बुधवारी

अण्णांनी बाटली हातात घेतली, हलवली, आतलं तेल हळूहळू एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेलं. म्हणाले, "हे ट्रॅक्टरला घाल."

मी म्हटलं, जाड चांगलं ना?

ते रागावले नाहीत. डब्याच्या झाकणावर बोट ठेवून मला बारीक अक्षरं दाखवली, गाडीच्या पुस्तकात तेच पान काढून दाखवलं. कंपनीनं या छोट्या डब्याला पातळ तेल ठरवलंय, त्याच्या बारीक फटींतून जाड तेल सकाळी-सकाळी आत शिरत नाही, आणि शिरेपर्यंत दाते पुन्हा कोरडे. दुसऱ्या गाडीचं दुसरं असेल. "अंदाज करायचा नाही. वाचायचं. तू सातवी शिकलास ना? मग वाचता येतंय की." दहा-तीस त्यांच्या फळीवरच होतं. दोन बाटल्या. मला हुबळीहून आणायला का सांगितलं, ते मी विचारलं नाही. पुढं ताईनं सांगितलं, मी घरात बसून बसून वेडा व्हायला आलो होतो, म्हणून तिनंच त्यांना म्हटलं, याला कुठंतरी पाठवा.

नवे गिअर त्यांनी बसवले. तेल मात्र माझ्या हातून घालून घेतलं. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी. खालचा नट नव्या वायसरसकट बसवायचा. आवळायचा, पण पिळायचा नाही, तिथला धातू मऊ असतो, आटे गेले की सगळं गेलं. मग वरचा नट काढून तिथून भरायचं. एकशेवीस मिली. मापासाठी मी औषधाच्या दुकानातून मोठी सिरिंज आणली, साठ मिलीची. ताई गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. मी सिरिंज भरताना तिनं बघितलं आणि हसायला लागली.

"माझ्यासारखंच आहे की हिचं. जुनं काढा, नवं घाला, मापात घाला."

गंगाक्का आतून म्हणाल्या, "गाडीला मापभर तरी मिळतंय, तुला पाणी तरी पिऊ देतात का?"

मी दोनदा भरून घातलं. हात इतका जपून चालला होता की अण्णा म्हणाले, सुई टोचत नाहीस तू, ओत. दुसऱ्या सिरिंजचं शेवटचं तेल आत गेलं तेव्हा भोकाच्या काठाशी तेल दिसलं, बाहेर आलं नाही. नट लावला. इंजिनातलं जास्तीचं काढून मोजपट्टीवर खुणेइतकं आणलं. चालू करून चाक फिरवलं. आवाज नाही. मी कान लावून ऐकत राहिलो, बराच वेळ.

त्याच वेळी मी ताईला सगळं सांगितलं. नट, कपभर तेल, पंपावरचा माणूस. गाडी माझ्यामुळं बंद पडली, नंबर माझ्यामुळं हुकला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अरे येड्या, मला विचारायचं होतंस. वीस वर्सं खाली म्हणजे रिकामं ऐकालेय मी." आणि थोड्या वेळानं, "मी पण नवी होते तेव्हा सासू म्हणाली, घागर खाली ऐती. मी उचलून वर ठेवली."

ती इतकी हसली की तिला धाप लागली.

रात्री जेवायला गंगाक्कांनी खडक भाकरी केली. आमच्याकडं भाकरी ताटात येते ती मऊ, वाफेची. तिथं पापडासारखी कडक करून डब्यात रचून ठेवतात, महिनाभर राहते. ती मोडताना आवाज होतो. ताईसाठी त्यांनी वेगळा झुणका केला होता, बिनमिठाचा. तसाच त्यांनी स्वतःच्या ताटातही वाढून घेतला होता.

गुरुवारी

सव्वासातला पोचलो. चार तास. मी बाहेर बाकावर बसून घड्याळ बघितलं. दुपारी तिला घेऊन अळणावरला निघालो. मशीनवरून उठल्यावर तिला गुंगी यायची, म्हणून गंगाक्कांनी त्यांचं जुनं लुगडं दिलं होतं, ते आमच्या दोघांच्या कमरेभोवती बांधलं. सोमवारी जिथं बसलो होतो तो दगड मागे गेला. तिचं डोकं माझ्या पाठीला टेकलेलं. गाडी एकसारखी चालली होती आणि मला तिचा श्वास ऐकू येत होता.

परत

त्यानंतर दहा फेऱ्या झाल्या. एकही चुकली नाही, एकही उशिरा झाली नाही. अकराव्या फेरीच्या दिवशी, सोमवारी पहाटे मी तिला उठवायला गेलो, हात धरला. थरथर नव्हती.

डॉक्टर म्हणाले, हृदय. तो शब्द ऐकला आणि पहिल्या दिवशीचं नर्सबाईंचं सगळं बोलणं माझ्या कानात पुन्हा सुरू झालं. पाणी राहतं, छातीत चढतं, हृदय थकतं. दहावा झाला, तेरावा झाला. मी गावी परत आलो, गिरणी सुरू केली. जातं फिरायचं आणि मी मनात हिशेब करायचो, त्या सोमवारी तिला किती तास मिळाले. तीन? दोन? तिथंच काही खचलं का? दाजींना विचारलं नाही. घरात कुणाला सांगितलं नाही. जेवण जाईना.

दोन महिन्यांनी एका दुपारी इराप्पाअण्णांचा फोन आला. ताईचं त्यांना दाजींकडून कळलं होतं. इकडचं तिकडचं बोलले, गाडी दाजी चालवतात, ऑइल परवा बदललं, चांगलं होतं, कीस नव्हता. मग मी गिरणी बंद केली आणि विचारलं.

"अण्णा, त्या दिवशी तिला किती वेळ मशीन मिळालं?"

त्यांनी फोन बाजूला धरून कानडीत काहीतरी विचारलं. मागून गंगाक्कांचा आवाज आला, मराठीत, मला ऐकू जावा म्हणून मोठ्यानं.

"साडेआठला लावलं, साडेबाराला काढलं. पुढच्या नंबरचे मास्तर होते, मी त्यांच्या पाया पडले, ते म्हणाले, बसू दे तिला. पुरे चार तास. मी उठले नाही तिथनं."

अण्णा म्हणाले, "तम्मा, तू हे धरून बसलास काय एवढे दिवस?"

मी हो म्हटलं.

"सोड आता. ते झालेलं पुरं होतं."

माझी बहीण त्यामुळं परत येणार नाही. पण ती माझ्या हातून गेली नाही, एवढं मला त्या दोघांनी दिलं. त्या रात्री मी जेवलो.

फोन ठेवायच्या आधी त्यांनी सहज विचारलं, तुमच्याकडून परळी किती लांब? वैजनाथाला जायचं गंगाच्या मनात लग्नापासून आहे, दुकान सोडून निघणं होत नाही. मी सांगितलं, जवळ आहे. मग त्यांनी दुसरंच काही काढलं.

गंगाक्का आणि अण्णा, तुम्ही हे वाचणार नाही, पण मी इथं लिहून ठेवतो. मी तुम्हाला न्यायला धारवाडला येईन. परळीला घेऊन जाईन, दर्शन होईपर्यंत रांगेत तुमच्या जागी उभा राहीन, आणि मग माझ्या घरी आणीन. चार दिवस ठेवून घेईन. त्याशिवाय हे फिटल्यासारखं मला वाटणार नाही.